समुद्र पाच मीटर जास्त खोल असला की व्यापाऱ्याचं काय वाचतं?

डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या समुद्रात ७६,२२० कोटी रुपयांचं बंदर उभं करायचं ठरलं आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. तेव्हापासून या बंदराबद्दल दोनच आवाज कानावर येतात. हे बंदर जगातल्या पहिल्या दहांत जाणार, असं सरकार सांगतं. आमचा समुद्र आणि आमची मासेमारी जाणार, असं किनाऱ्यावरचा मच्छीमार समाज सांगतो. या दोन आवाजांच्या मधे एक साधा प्रश्न कुणी विचारतच नाही. निफाडचा द्राक्ष बागायतदार, वाळूज एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा कारखानदार, इचलकरंजीचा कापड निर्यातदार, यांच्यापैकी कुणी समुद्रात पाय ठेवणार नाही. मग तिथलं पाणी पंधरा मीटरऐवजी वीस मीटर खोल असल्याने त्यांच्या हिशेबाच्या वहीत नेमकं काय बदलतं?

माझ्या मते बदलतं ते मुख्यतः दिवसांचं गणित. भाडं कमी होतं हे खरं, पण ते दुय्यम आहे. आणि हा फायदा आपोआप कुणाच्या दारात येत नाही. तो बंदराच्या मागच्या रस्त्या-रुळांवरून यावा लागतो. हे नीट समजायचं तर सुरुवात जहाजाच्या तळापासून करू.

एक मीटर पाणी म्हणजे किती कंटेनर

२६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकी ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्याआधी गोणी, खोकी, पिंपं हमालांच्या पाठीवरून एकेक करून जहाजात जायची आणि जहाज आठवडाभर धक्क्याला बांधलेलं असायचं. मॅक्लीनने पूर्ण पेटीच उचलली. आज वीस फूट लांबीच्या पेटीला एक टीईयू म्हणतात, आणि बंदरांची, जहाजांची, सगळ्या धंद्याची मोजणी याच मापात होते. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे दोन टीईयू.

आज सर्वांत मोठी कंटेनर जहाजं सुमारे ४०० मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद असतात, आणि त्यांच्यावर २४ हजारांहून अधिक टीईयू मावतात. पूर्ण भरलेलं असं जहाज पाण्यात सोळा-सतरा मीटर बुडतं. जहाज जितकं खाली बुडतं त्याला ड्राफ्ट म्हणतात. तळ आणि समुद्राची जमीन यांच्यात थोडं पाणी मोकळं राहायला हवं, म्हणजे बंदरात अठराएक मीटर तरी खोली लागते.

आता एक छोटं गणित करू. ४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद जहाजाचा पाण्याच्या पातळीवरचा आकार टोकांना निमुळता असतो, म्हणून लांबी-रुंदीच्या गुणाकाराचे ८० टक्के धरू. ते होतात सुमारे १९ हजार चौरस मीटर. म्हणजे हे जहाज आणखी एक मीटर खाली बसतं तेव्हा ते अंदाजे वीस हजार टन जादा माल पेलत असतं. एका भरलेल्या टीईयूचं वजन सरासरी बारा टन धरलं, तर एका मीटरमागे सोळाशेहून अधिक कंटेनर. पाण्याची खोली एवढी महत्त्वाची का, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. बंदर दोन मीटरने उथळ असेल तर एवढं जहाज तिथे अजिबात येऊ शकत नाही असं नाही. पण त्याला तीन हजारांवर कंटेनर कमी घेऊन यावं लागतं. अर्धवट भरलेलं जहाज कुठल्याच शिपिंग लाईनला, म्हणजे जहाज कंपनीला, परवडत नाही, म्हणून ती ते जहाज दुसरीकडे वळवते.

मोठं जहाज स्वस्त का पडतं, हे समजायला सोपं आहे. पाच हजार टीईयूच्या जहाजावर वीस-पंचवीस खलाशी असतात आणि वीस हजार टीईयूच्या जहाजावरही जवळपास तेवढेच. जहाज चौपट माल नेतं, पण त्याला चौपट इंधन लागत नाही. त्यामुळे एका कंटेनरमागचा खर्च उतरतो.

मात्र ही स्वस्ताई मिळायला जहाज भरावं लागतं, आणि भरायचं तर ते मोजक्याच बंदरांत थांबू शकतं. प्रत्येक थांब्याला वेळ जातो, बंदराचं शुल्क जातं. म्हणून मोठं जहाज थोडेच थांबे निवडतं, आणि आपलं बंदर त्या थांब्यांत असणं किंवा नसणं हाच खरा फरक ठरतो.

कोलंबोला उतरणारा आपला माल

ज्या बंदरात मोठं जहाज येत नाही तिथला माल छोट्या जहाजावर, म्हणजे फीडरवर चढतो. फीडर तो कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातल्या क्लांगला नेतं. तिथे कंटेनर उतरतो, यार्डात वाट बघतो आणि मग मोठ्या जहाजावर चढतो. याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. भारताचा जो माल असा वाटेत जहाज बदलतो, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश परदेशी बंदरांत जहाज बदलतो, आणि त्यात कोलंबोचा वाटा मोठा आहे. कोलकाता-हल्दियासारखी नदीवरची बंदरं इतकी उथळ आहेत की तिथून मोठं जहाज निघूच शकत नाही. त्यांच्या मालाला हा वळसा अटळच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महाराष्ट्राची स्थिती तेवढी वाईट नाही. २६ मे १९८९ ला सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून, म्हणजे आजच्या जेएनपीएमधून (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण), युरोप, आखात, अमेरिका, चीन इकडे थेट जहाजं जातात. २०२४-२५ मध्ये या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. देशातल्या प्रमुख सरकारी बंदरांत येणाऱ्या कंटेनरपैकी निम्म्याच्या आसपास एकटं हे बंदर सांभाळतं. खाडीच्या तोंडाशी असल्याने तिथे गाळ सतत साचतो आणि तो उपसत राहावा लागतो. मोठा खर्च करून तिथला मार्ग पंधरा मीटर ड्राफ्टच्या जहाजांसाठी खोल केला आहे. त्यापुढे जाणं महाग आहे आणि जागाही संपत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या भारत मुंबई कंटेनर टर्मिनलच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि बंदराची क्षमता कोटी टीईयूच्या घरात गेली. आजच्या वाढीचा वेग पाहता ती भरायला फार वर्षं लागणार नाहीत.

दरम्यान गुजरातच्या मुंद्रा बंदरात मे २०२४ मध्ये ‘एमएससी ॲना’ हे जवळपास ४०० मीटर लांबीचं, १९ हजारांवर टीईयू क्षमतेचं जहाज १६.३ मीटर ड्राफ्टने आलं. केरळच्या विळिंजमला किनाऱ्यालगतच अठरा ते वीस मीटर खोली आहे आणि आंतरराष्ट्रीय जलमार्ग अवघ्या दहा सागरी मैलांवर आहे. तिथे जून २०२५ मध्ये ‘एमएससी इरिना’ आलं. २४,३४६ टीईयूचं हे जहाज जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एक आहे. कंटेनरच्या मोजणीत मुंद्रा गेल्या काही वर्षांत न्हावा-शेवाच्या पुढे गेलं आहे, आणि खोल पाणी हे त्यामागचं एक ठोस कारण आहे.

वाचलेल्या दिवसाची किंमत

आता कारखानदाराच्या वहीकडे वळू. समजा, एका कंटेनरमध्ये ४० लाखांचा माल आहे आणि उद्योजकाने बँकेकडून १२ टक्क्यांनी खेळतं भांडवल उचललं आहे. वर्षाचं व्याज ४ लाख ८० हजार, म्हणजे दिवसाला सुमारे १,३१५ रुपये. वाटेत जहाज बदलल्यामुळे माल दहा दिवस उशिरा पोचला, तर एका कंटेनरमागे तेरा हजारांवर रुपये नुसत्या व्याजात गेले. वर्षाला दोनशे कंटेनर पाठवणाऱ्याचे सव्वीस लाख. हे पैसे कुठल्याही बिलावर दिसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही. भाड्यात शंभर डॉलर कमी झाले की बातमी होते. व्याजात त्याहून जास्त गेलं, तरी कुणी मोजत नाही.

आणि हे झालं न नासणाऱ्या मालाचं. द्राक्षांचा हिशेब वेगळाच आहे.

नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग होतं, शून्य अंशाच्या आसपास तापमान ठेवून माल रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये भरला जातो आणि न्हावा-शेवाहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमकडे रवाना होतो. सुएझमार्गे एरवी साधारण तीन-साडेतीन आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक लाईन आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागल्या. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. ऐन हंगामात बागायतदारांनी ते सोसलं. देठ सुकलेला, मणी नरम पडलेला घड युरोपातल्या दुकानदाराला नको असतो. माल पोचतो, पण दर पडतो, किंवा ‘क्वालिटी क्लेम’ येऊन ठरलेल्या पैशांतून कपात होते. द्राक्षाला दिवस म्हणजे थेट भाव.

तांबड्या समुद्रातल्या संकटावर वाढवणचं खोल पाणी काही इलाज करू शकत नाही, हे खरं. पण उरलेल्या प्रवासातला प्रत्येक फुकट जाणारा दिवस कमी करणं आपल्या हातात आहे. बंदराबाहेर भरतीची वाट बघणारं जहाज, धक्का मोकळा नाही म्हणून नांगर टाकून थांबलेलं जहाज, वेळ भरून काढण्यासाठी आपल्या बंदराला टाळून पुढे निघून गेलेलं जहाज, हे सगळे दिवस खोली आणि जागा या दोन गोष्टींनी वाचतात.

भरतीचं जरा सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि घाटावरच्यांना सहसा नसतं. मुंबईच्या समुद्रात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत वरखाली होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते. ज्या बंदराची मूळ खोली अपुरी आहे तिथे भारी जहाजाला भरतीची वेळ साधूनच आत-बाहेर करावं लागतं. दोन तास उशीर झाला की पुढच्या भरतीपर्यंत बसा. त्या उशिरामुळे पुढच्या बंदरातली वेळ चुकते, आणि मग लाईन कधी कधी एखादा थांबाच गाळते. तुमचा कंटेनर बंदरात ठरल्या वेळी पोचलेला असतो, सील लागलेलं असतं, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, झालेलं असतं, आणि जहाज मात्र आलेलंच नसतं. वीस मीटर खोलीच्या बंदरात जहाज भरती-ओहोटी न बघता चोवीस तास येऊ-जाऊ शकतं. वाढवणची निवड झाली ती किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच नैसर्गिकरीत्या अठरा-वीस मीटर पाणी मिळतं, म्हणून.

नियमितपणाचा फायदा आयात करणाऱ्यालाही होतो, आणि त्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. तारापूरचा रसायन कारखाना किंवा वसईतलं प्लास्टिकचं युनिट परदेशातून कच्चा माल आणतं. जहाज ठरल्या दिवशी येईल याची खात्री नसेल, तर तो उद्योजक महिना-दीड महिन्याचा साठा गोदामात करून ठेवतो. खात्री असेल तर पंधरा दिवसांचा पुरतो. उरलेले पैसे नव्या यंत्रात घालता येतात. लहान उद्योगाला परवडणारं सर्वांत स्वस्त भांडवल हेच, जे त्याने साठ्यात कोंडून ठेवलेलं नाही.

रिकाम्या कंटेनरची गोष्टही याच धाग्यातली आहे. निर्यातदाराला आधी रिकामी पेटी मिळावी लागते. २०२१ मध्ये जगभर कंटेनरची टंचाई झाली तेव्हा ऑर्डर हातात असून माल गोदामात पडून राहिलेले अनेक जण होते. द्राक्ष हंगामात तर रीफर मुद्दाम आणावे लागतात, कारण आपल्याकडे शीत मालाची आयात तेवढी नाही. मोठ्या जहाजात रिकाम्या पेट्या घेऊन यायला जागा असते. एकाच बंदरात चार-पाच लाईन स्पर्धा करत असतील, तर एकीने पेटी नाही म्हटलं की दुसरीकडे जाता येतं. भाडं उतरवायला जहाजाच्या आकारापेक्षा ही स्पर्धाच जास्त उपयोगी पडते, असं मला वाटतं. एकाच लाईनच्या मुठीत असलेलं खोल बंदर लहान निर्यातदाराच्या काही कामाचं नाही.

नुसतं खोल पाणी पुरत नाही

श्रीलंकेने २०१० मध्ये हंबनटोटाला बंदर सुरू केलं. पाणी खोल, पूर्व-पश्चिम जलमार्ग अगदी जवळ. पण मागे ना उद्योग, ना बाजारपेठ. कंटेनर आलेच नाहीत, कितीतरी वर्षं मुख्य काम मोटारगाड्यांच्या चढ-उताराचंच राहिलं, आणि २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. आपल्याकडे कोचीजवळ वल्लारपाडमचं टर्मिनल २०११ मध्ये मोठ्या आशेने सुरू झालं. कोलंबोचा धंदा खेचून आणायचा बेत होता. गाळ उपसण्याचा खर्च आणि किनारी वाहतुकीचे तेव्हाचे जाचक नियम आड आले, आणि टर्मिनल बरीच वर्षं अर्धवट भरलेलंच राहिलं.

घरचं उदाहरण रत्नागिरीच्या जयगडचं आहे. तिथे पाणी उत्तम खोल आहे, मोठमोठी जहाजं येतात. पण ते बंदर कोळसा-खनिजासारख्या मोकळ्या मालाचं आहे आणि कोकण रेल्वेशी ते अजून रुळांनी जोडलेलं नाही. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीचा कंटेनर घाट उतरून जयगडला न जाता पुण्यावरून लांबच्या न्हावा-शेवाला जातो.

उलट बाजूला मोरोक्कोचं टँजियर मेड बंदर बघा. २००७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्या भागात म्हणण्यासारखा उद्योग नव्हता. सरकारने बंदरासोबतच औद्योगिक क्षेत्रं, रेल्वे आणि रस्ते उभे केले. २०१२ मध्ये रेनोचा मोटार कारखाना आला, तिथल्या गाड्या थेट रेल्वेने बंदरात जाऊ लागल्या, आणि मागोमाग सुटे भाग पुरवणारे छोटे-मोठे कारखाने आले. २०२४ मध्ये त्या बंदराने एक कोटी टीईयूचा टप्पा ओलांडला. तिथे बंदर, कारखाने आणि रूळ यांचा विचार सुरुवातीपासून एकत्र झाला.

हे शहाणपण आपल्या मातीलाही नवीन नाही. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण ही बंदरं जुन्नर-पैठणच्या पेठांना जोडली होती ती नाणेघाटाने. तिथला दगडी रांजण जकातीचा होता, असं आजही सांगतात. घाट होता म्हणून बंदर चालत होतं.

वाढवणचा नाणेघाट कोणता? आराखड्यात ३२ किलोमीटरचा रस्ता बंदराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडतो, आणि सुमारे १२ किलोमीटरची रेल्वे त्याला पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर नेते. दादरीपासून न्हावा-शेवापर्यंतच्या या १,५०६ किलोमीटरच्या मार्गावर एकावर एक दोन कंटेनर रचलेल्या गाड्या धावू शकतात. गुजरातकडचा भाग आधी सुरू झाला आणि वैतरणा ते न्हावा-शेवा हा आपल्या दारातला तुकडा सगळ्यांत शेवटी रखडला. उत्तर भारताचा माल त्या काळात मुंद्रा-पिपावावकडे वळला यात नवल नाही.

नाशिकसाठी वाढवणला समृद्धी महामार्गाशी जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचा प्रस्ताव आहे, इगतपुरीजवळच्या भरवीरपर्यंत. माझ्या दृष्टीने उत्तर महाराष्ट्रासाठी हा रस्ता बंदराइतकाच महत्त्वाचा आहे. निफाडच्या जुन्या साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्टची योजना आहे. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, आणि त्यानंतरची जवळपास दहा वर्षं तो रेंगाळत राहिला. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्राविना बंदर. कस्टमची तपासणी, कंटेनर भरणं, सील लावणं हे सगळं तिथेच उरकायचं आणि पेटी रेल्वेने सरळ धक्क्यावर न्यायची. मराठवाड्यातल्या लहान उद्योजकाचा यात मोठा फायदा आहे, कारण ज्याचा माल पूर्ण कंटेनरभर होत नाही त्याला दुसऱ्या चौघांसोबत पेटी वाटून घेता येते, आणि तेही घरापासून तासाभराच्या अंतरावर. हे ड्राय पोर्ट वेळेत झाले नाहीत, तर वाढवणचा सर्वाधिक लाभ वापी, सिल्वासा, सुरत आणि दिल्लीकडच्या मालाला होईल. राजकीय रंग न देता सांगतो, हा नकाशाचाच हिशेब आहे. कोल्हापूर-इचलकरंजीला तर वाढवण न्हावा-शेवापेक्षा लांबच पडणार. त्यांना मिळेल तो अप्रत्यक्ष फायदा: न्हावा-शेवातली गर्दी कमी होईल आणि दोन बंदरांत स्पर्धा लागेल. त्या भागाने खरा आग्रह धरायला हवा तो जयगडच्या रेल्वेचा.

ज्यांच्या समुद्रावर बंदर होणार

वाढवणमध्ये समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल आणि एकूण २ कोटी ३२ लाख टीईयूची क्षमता. हा किनारा घोळ, पापलेट, बोंबलाच्या मासेमारीवर जगतो. मागे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत आणि चिंचणी परिसरात घरोघर चालणारा डायमेकिंगचा, म्हणजे साचे घडवण्याचा, नाजूक व्यवसाय. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथलं बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, ३१ जुलै २०२३ ला अटींसह परवानगी दिली. पंचवीस वर्षं ज्यांना ‘इथे बंदर होणार नाही’ असं सांगितलं गेलं, त्यांचा संताप समजून घ्यायला हवा.

सरकार बारा लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचं बोलतं. आधुनिक कंटेनर धक्का मोजक्या माणसांवर आणि पुष्कळ यंत्रांवर चालतो. रोजगार असतो तो मागच्या गोदामांत, वाहतुकीत, दुरुस्तीत, शीतगृहांत, कस्टमच्या कामांत आणि नव्या कारखान्यांत. तिथे पोचायला प्रशिक्षण लागतं, आणि ते बंदर होण्याआधी द्यावं लागतं.

उरणचा अनुभव आपल्यासमोर आहे. नवी मुंबई आणि न्हावा-शेवासाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यातून विकसित जमिनीत साडेबारा टक्के हिस्सा देण्याचं तत्त्व आलं. तरी बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना ते भूखंड मिळायला दशकं लागली. शेवा गावातून उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवलेल्या कुटुंबांच्या घरांना वाळवी लागली आणि त्यांचं पुनर्वसन पुन्हा लांबत राहिलं. ज्या बंदराने पुण्या-नाशिकला भरभराट दिली, त्याच्या कुंपणालगतची माणसं तीन-तीन दशकं कागद घेऊन फिरली. वाढवणमध्ये तर जमिनीचा सातबारा नाही, समुद्र आहे, आणि समुद्रावरच्या हक्काचा उतारा कुणाकडेच नसतो. म्हणून मच्छीमारांच्या नुकसानीचं मोजमाप आणि भरपाईचं सूत्र भराव पूर्ण होण्याआधी, बोटींच्या आणि माणसांच्या यादीसह जाहीर झालं पाहिजे.

निर्यातदाराने आजच विचारावं असं काही

वाढवणचा पहिला टप्पा २०३० च्या सुमारास यायचा आहे. तोवर थांबायची गरज नाही. आपला माल आज किती दिवस कुठे अडकतो, हे प्रत्येक लहान निर्यातदार आपल्या सीएचएकडून, म्हणजे कस्टमची कामं करणाऱ्या एजंटाकडून, काढून घेऊ शकतो. ही सेवा थेट आहे की वाटेत जहाज बदलतं? बदलत असेल तर कोणत्या बंदरात, आणि तिथे पेटी सरासरी किती दिवस थांबते? गेल्या सहा महिन्यांत या लाईनने आपलं बंदर किती वेळा गाळलं? जहाज उशिरा आलं तर बंदरातलं जादा भाडं कोण भरणार? कारखान्यातून निघाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत किती दिवस गेले, आणि त्यातले किती रस्त्यावर, किती तपासणीत?

लॅटिन अमेरिका किंवा आफ्रिकेतल्या काही बंदरांकडे माल पाठवणाऱ्यांना या यादीत धक्कादायक आकडे सापडतील, कारण तिकडे थेट सेवा फारच कमी आहेत. एका तालुक्यातल्या पंचवीस-तीस निर्यातदारांनी असे आकडे एकत्र केले आणि जिल्ह्याच्या उद्योग संघटनेमार्फत बंदर प्राधिकरण आणि रेल्वेपुढे ठेवले, तर ड्राय पोर्टची मागणी कागदावरच्या निवेदनापेक्षा कितीतरी वजनदार होते. किती कंटेनर, कोणत्या महिन्यात, कुठल्या देशाला, हे कळल्याशिवाय रेल्वे गाडी लावत नाही आणि लाईन रिकामी पेटी पाठवत नाही.